वरचं अन्न सुरू झालं, तरी अंगावरचं दूध कमी करू नका

बाळाचा सहावा महिना संपला की घरात उष्टावणाची तयारी सुरू होते. त्याच सुमारास आईला ऐकावं लागतं, "आता जेवायला लागलंय ना, मग पाजणं कमी कर." मिरजोळ्यात एमआयडीसी लागूनच आहे. घर चालवायला आईलाही कामावर परतायचं असतं, त्यामुळे हा सल्ला सगळ्यांना सोयीचा वाटतो. आमचं मत मात्र स्पष्ट आहे : हा सल्ला ऐकू नये.

कारण साधं आहे. सहा महिने ते एक वर्ष या काळात बाळाला लागणाऱ्या ताकदीपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त आईच्या दुधातून मिळू शकते. एक ते दोन वर्षांच्या मुलालाही सुमारे एक तृतीयांश मिळते. सुरुवातीला बाळ दोन-चार चमचेच खातं. त्यात आपण पातळ पेज दिली, तर पोट पाण्याने भरतं आणि दूधही सुटतं. बाळाचं वजन अडतं ते इथेच.

मग दिवसातून किती वेळा पाजायचं? जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या सरकारचा सल्ला एकच आहे : बाळ मागेल तेव्हा, दिवसा आणि रात्रीही, निदान दोन वर्षांपर्यंत. आकडा ठरवायचा तो जेवणाचा. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून 2-3 वेळा आणि नऊ महिन्यांनंतर 3-4 वेळा जेवण द्यावं. त्याशिवाय मधे एक-दोनदा काही खायला द्यावं. अंगावर पीत नसलेल्या बाळाला याहून जास्त वेळा भरवावं लागतं.

जेवण घट्टसर हवं, चमच्यावरून ओघळणारं नको. मऊ भात आणि वरण, नाचणीची खीर, मुगाची खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह बाळाला पुरत नाही, म्हणून डाळ, अंडं, काटे नीट काढलेली मासळी हेही हवं. नुसत्या दुधावर ठेवणंही तितकंच चुकीचं आहे.

कामावर जाणाऱ्या आईने निघण्याआधी पाजावं, आल्याबरोबर पाजावं, झोपताना पाजावं आणि रात्री बाळ मागेल तितकं पाजावं. दूध जितकं प्यायलं जातं तितकं तयार होतं. पाजणं कमी केलं की दूध आटतं, आणि मग "दूधच येत नाही" म्हणून दोष आईला लागतो. दिवसासाठी हात स्वच्छ धुऊन दूध पिळून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात थंड जागी ठेवावं. तीन-चार तासांत ते वाटी-चमच्याने पाजावं, बाटली नको. जुलाब किंवा ताप असला तर पाजणं थांबवू नये, उलट वाढवावं.

कायदाही आईच्या बाजूने आहे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेळ देणं मालकावर बंधनकारक आहे. 50 किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे. 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. जयंतीला बाबासाहेबांना वंदन करणाऱ्या आपण सर्वांनी हा हक्क मागायला संकोच कशाला करायचा? एकटीला बोलणं जड जातं, म्हणून चार-पाच जणींनी मिळून सुपरवायझरशी बोलावं.

आणि पहिली सवलत घरातून मिळायला हवी. आई कामावरून आली की तिला आधी बाळाजवळ बसू द्या. पाणी भरणं, भात लावणं हे नवऱ्याने, दिराने केलं तर काही बिघडत नाही. दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचं वजन करून घ्या. ते वाढत नसेल तर आईला बोल न लावता अंगणवाडी ताई, आशाताई किंवा डॉक्टरांना लगेच विचारा.