केशोरीपासून गोंदिया किती लांब?

हलका धान घरात आला आहे, भारी अजून बांधीत उभा आहे. लक्ष्मीपूजन झालं की गावोगाव मंडई भरेल आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतील. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव भागातल्या आश्रमशाळांची मुलंही याच सुट्टीत घरी येतात. पाहुण्यांच्या गडबडीत एखाद्या आईच्या ध्यानात येतं की पोरगी पहिल्यासारखी बोलत नाही, पोट्टा रात्री दचकून उठतो. कोणी म्हणतं, नाटकं करते. कोणी म्हणतं, बाहेरचं काही लागलं असेल. सुट्टी संपते आणि मूल पुन्हा वसतिगृहात जातं. यंदाचा दिवाळी अंक मुलांच्या मनाला वाहिला आहे, तो यासाठीच.

सोयी अजिबातच नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. गोंदियात 2016 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडी आणि एकदा शाळा तपासावी, अशी आखणी आहे. त्याच्या यादीत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालतो. अडचणीतल्या मुलांसाठी 1098 आहेच.

मात्र यातल्या बहुतेक सोयी मुलाने किंवा पालकाने येऊन दार ठोठावावं, अशी वाट बघतात. पथकातले डॉक्टर दात, डोळे, वजन बघतात, तेही गरजेचंच. पण वर्षातून एकदा भेटणाऱ्या परक्या माणसाला, मागे रांग उभी असताना, कोणतं मूल सांगेल की त्याला जगणं नकोसं झालंय? फोन करावा तर वसतिगृहात फोन नाही. घरी असतो तो बापाच्या खिशात. शिवाय घरात गोंडी, पोवारी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला आतली गोष्ट पुस्तकी मराठीत मांडता येतेच असं नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 18 म्हणतं की उपचारासाठी कोणालाही, मुलांनासुद्धा, लांबचा प्रवास करावा लागू नये. सेवा राहत्या जागेजवळ मिळावी. आता अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या केशोरीच्या मजुराचा विचार करा. गोंदियाला जायचं म्हणजे त्याची दिवसाची मजुरी बुडाली. तिथूनही नागपूरला पाठवलं तर तो परत फिरतो, कारण दुखणं डोळ्यांना दिसत नाही. तापाच्या पोराला आशाताई आरोग्य केंद्रात नेते. मनाने खचलेल्या पोराला कोणी कुठे न्यायचं, हे गावात कोणालाच ठाऊक नसतं.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. चाळिसाच्या वर्गात हे प्रमाण तिघांच्या आसपास जातं. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत आपल्या सीमेपलीकडचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांत पहिला क्रमांक आपल्या राज्याचा आहे: देशात 13,044, त्यांपैकी महाराष्ट्रात 1,764. मुलांची दुखणी मोजताना आपण गैरहजर होतो, मृत्यू मोजताना सगळ्यांत पुढे निघालो.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सांगितलं की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. वसतिगृहंही यातून सुटलेली नाहीत. या आदेशाची सुरुवात गोंदियात आश्रमशाळांपासून व्हावी, असं आम्हाला वाटतं. तिथे आईबाप जवळ नसतात, रात्री मुलाच्या उशाशी असतो तो अधीक्षक किंवा अधीक्षिका. आधी त्यांना शिकवा. त्यांच्या जोडीला मुलांची बोली समजणारा समुपदेशक द्या. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत मनोविकार तपासणीचा एक वार ठरवा आणि तो बाजाराच्या दिवशी दवंडी दिल्यासारखा सगळ्यांना कळू द्या. जिल्हा परिषद, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय एका टेबलाशी बसले, तर यासाठी नवी इमारत लागणार नाही. लागतील ती माणसं, आणि त्यांची पदं भरलेली हवीत.

पालकांना एवढंच सांगणं आहे: सुट्टीत मुलाला गुण विचारण्याआधी झोप लागते का, शाळेत कोणाची भीती वाटते का, हे विचारा. उत्तर आलं नाही तर त्याच्यावर ओरडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि काळजी वाटण्यासारखं काही कळलं, तर सुट्टी संपायची वाट बघू नका.

  पुढच्या दिवाळी अंकात आम्ही याच पानावर लिहू की आठ तालुक्यांपैकी किती ठिकाणी मनोविकार तपासणीचा वार ठरला.