हातातला दगड टाका, वाद पाचांपुढे मांडा!



अमरावती-अकोल्यातील बंधूंनो आणि भगिनींनो,

12 नोव्हेंबर 2021 रोजी त्रिपुरातील घटनांच्या निषेधाचा मोर्चा अमरावतीत निघाला आणि दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी त्याच्या निषेधार्थ बंद झाला आणि पुन्हा दुकानेच फुटली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. 13 मे 2023 च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दोन गट भिडले. गाड्या जळाल्या, एका माणसाचा जीव गेला.

यातून कोणाला न्याय मिळाला? कोणत्या धर्माची इज्जत वाढली? हातगाडीवाल्याची आणि रोजमजुराची चूल विझली. भडकावणारे घरी बसले, गुन्हे मात्र गरिबाच्या पोट्ट्यांवर चढले.

बुद्धाची क्षांती (सहनशीलता) म्हणजे भेकडपणा, असे काही जण म्हणतात. साफ खोटे! 20 मार्च 1927 ला महाडात चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांची डोकी फोडली गेली. उलटा वार करायला माणसे तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, पण लढा सोडला नाही. कोर्टात दहा वर्षे झुंज दिली आणि 1937 साली उच्च न्यायालयात तळ्याचा हक्क जिंकला. 1927 च्याच नोव्हेंबरात अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर ते अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. अन्यायाची चीड हवीच. पण त्या चिडीने कायदा, संघटना आणि सत्याग्रह उभा राहिला पाहिजे. शेजाऱ्याचे दुकान जळता कामा नये.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. सिद्धार्थाच्या शाक्य कुळाला कोलियांशी युद्ध हवे होते. सिद्धार्थाने सुचवले: दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. बहुमत विरुद्ध गेले. त्याने घरदार सोडले, पण युद्धाला होकार दिला नाही.

हीच वाट आज प्रत्येक वस्तीत, पेठेत, मोहल्ल्यात चालून दाखवू या.

1. दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसे आणि सर्वांना मान्य असा पाचवा आजच ठरवा. त्यात बाया असल्याच पाहिजेत.
2. भडकाऊ व्हिडिओ पुढे पाठवू नका. आधी या पाचांना दाखवा.
3. गुन्हा घडला तर तडजोड नको. तक्रार नोंदवा, साक्ष द्या, शेवटपर्यंत लढा. जातीय अत्याचारावर 1989 चा कायदा आहे, तो वापरा.
4. ज्याचे दुकान फुटले, त्याचा धर्म न विचारता मदतीला जा.

दसऱ्यानंतर अकोल्यात धम्म मेळाव्याला जाणाऱ्यांनो, पंचशील म्हणणाऱ्या तोंडून शेजाऱ्याविरुद्ध घोषणा निघत असेल, तर ती धम्माशी बेइमानी आहे. पुढची अफवा येण्याआधी आपल्या वस्तीतले पाच जण निवडा!