गांवाचें वर्णन कोणी करावें?

सिरसाळ्यासारख्या परळीकडील गांवांतून समुद्राचा विषय निघण्याचें कारण क्वचितच पडतें. तथापि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षपदीं वसईकडील नंदाखाल गांवचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आणि तो दूरचा किनारा आपल्या शेजघरीं आल्यासारखें झालें. त्या किनाऱ्याविषयीं आजवर कोणीं काय लिहिलें, हें पाहण्याजोगें आहे.

वसई १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांकडे गेली, व मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं ती घेतली. मधल्या काळांत, १६९५ सालीं, कारेरी नांवाचा इटालियन प्रवासी तेथें आला. त्यास वसईबाहेर कोसच्या कोस पसरलेल्या बागा दिसल्या व तो रमला. पाहुण्याची नजर ती! पुढें १८८२ सालीं ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर निघालें. त्यांत आगाशीच्या सुकेळ्यांची वाखाणणी आहे, गांवोगांवचा हिशेब आहे. त्याच सालीं भगवानलाल इंद्रजींनीं जवळच्या सोपाऱ्यास स्तूप उकरला. हीं कामें मोलाचीं खरीं, परंतु त्यांत माणसें बोलतांना ऐकूं येत नाहींत.

आपल्या भाषेंतील जुनी नोंद म्हणजे महिकावतीची बखर. राजवाड्यांनीं ती १९२४ मध्यें छापून काढली; तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यांनीं शके १३७० मध्यें रचिलेला. येथें प्रवाशाचें कौतुक नाहीं कीं सरकारी आंकडा नाहीं. कोणतें कुळ कोठून आलें, कोणत्या गांवीं राहिलें, गोत्र कोणतें, हाच सारा जिव्हाळा. आपल्या वडिलधाऱ्यांस ही बखर वाचून दाखवावी. त्यांस ती लगेच कळेल.

मला मात्र सर्वांहून महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट निराळीच आहे. त्या भागांतील सामवेदी ब्राह्मण व कुपारी ख्रिस्ती यांची घरची बोली एकच. एकाच्या देव्हाऱ्यांत शाळिग्राम, दुसऱ्याच्या भिंतीवर क्रूस. परंतु विहिरीवरचें व आगरांतलें बोलणें तेंच. निर्मळास कार्तिकांत यात्रा भरते, आणि चर्चही त्याच गांवीं आहे. धर्म बदलला म्हणून आई मुलास ज्या शब्दांनीं हांक मारते ते कांहीं बदलले नाहींत!

त्या बोलींत ‘बावखल’ असा एक शब्द आहे. बागाइताजवळ खणलेलें गोड्या पाण्याचें तळें तें बावखल. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें, आणि आसपासच्या विहिरींत समुद्राचें खारें पाणी शिरूं देत नाहीं. आपल्याकडील बारवेप्रमाणें तेंही गांवचें जीवनच. अलीकडे इमारतींसाठीं अनेक बावखलें बुजलीं. कोणतें बावखल कोठें होतें हें सांगणारीं माणसें तेथें अजून आहेत. त्यांतील बहुतेक सत्तरीपलीकडचीं.