घुबडाचा फोटो टाकताय? आधी लोकेशन बंद करा

बुलढाण्यात आमच्या घरामागे चिंचेचं झाड आहे. तिथं पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहते. गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी मी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला आणि क्वालिटी जाऊ नये म्हणून एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून मेसेज आला: ‘भाऊ, घुबड तुमच्या घरामागंच बसते ना?’

घर कुठं आहे हे मी लिहिलंच नव्हतं. ते फोटोनं सांगितलं होतं.

कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तर फोटोच्या फाईलमध्ये जीपीएसचे आकडे साठतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच राहतात. मॅपवर टाकले की थेट झाड सापडतं.

आणि हा धोका दिवाळीतच का वाढतो? लक्ष्मीपूजनाच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ संस्थेनं २०१० च्या अहवालातच या चोरट्या धंद्याकडे लक्ष वेधलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणं, विकणं गुन्हा आहे. पण पत्ता आपणच दिला, तर कायदा पोचायच्या आधी पकडणारा पोचतो.

आपल्या शेजारच्या मेळघाटात रानपिंगळा आहे. हा पक्षी संपला असं समजलं जात होतं. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, तो नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आयनॅचरलिस्टसारखं ॲप अशा धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण लपवतं. साध्या पिंगळ्यासाठी ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

मग करायचं काय?

- कॅमेरा सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ बंद करा.
- जुना फोटो टाकायचा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट टाका. त्यात जीपीएस नसतं.
- कॅप्शनमध्ये गल्ली, शेत, झाड लिहू नका.
- फ्लॅश नकोच. मोबाईलचा फ्लॅश काही मीटरच पोचतो, वर पक्ष्याचे डोळे दिपतात.
- नाईट मोड अनेक फ्रेम जोडून एक फोटो बनवतो. म्हणून मोबाईल भिंतीला टेकवा आणि पक्षी स्थिर बसला की क्लिक करा. दिवेलागणीला पिंगळा बाहेर येतो, तेव्हा उजेडही बरा असतो.
- कुणी घुबड पकडताना किंवा विकताना दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

मी तो नंबर ब्लॉक केला, फाईल ग्रुपवरून डिलीट केली आणि दिवाळी होईपर्यंत रोज रात्री खिडकीशी बसलो. जोडी अजून तिथंच आहे. फोटो आताही काढतो, फक्त लोकेशन बंद ठेवून.