४८ अंक कोणाच्या नावावर?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, टीपीएम २.० नसलेली जुनी यंत्रे मागे पडली आणि विंडोज ११ घातलेले नवे लॅपटॉप घरोघरी पोचले. त्यांच्या पाठोपाठ वाचकांची जी पत्रे येत आहेत त्यांत तक्रार एकच आहे. गिऱ्हाईक पासवर्ड विसरले, डेटा हवा आहे, हिरेन्सच्या पेनड्राइव्हवरून बूट केले तर सी ड्राइव्हवर कुलूप दिसते. आता काय करू? पत्राच्या शेवटी बहुधा असेही विचारलेले असते की, हे तोडण्याचे एखादे टूल आहे का. उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही. यूट्यूबवर जे विकले जाते ते एकतर किल्ली आधीपासून माहीत असेल तरच चालते, किंवा तुमच्याच यंत्रात व्हायरस सोडते. गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेऊन ते विकत घेणाऱ्या सभासदांबद्दल आम्हाला सहानुभूती नाही.

या धंद्याला वाईट सवय लागली ती जुन्या विंडोजमुळे. एक्सपीत सेफ मोडमध्ये गेले की ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते बिनपासवर्डाचे सापडायचे. १९९७ पासून फिरत असलेले सीएचएनटीपीडब्ल्यू सॅम फाइलमधला हॅश पुसून टाकायचे. पुढे युटिलमॅनच्या जागी सीएमडी ठेवायची युक्ती आली आणि पोरेसोरेही पाच मिनिटांत पासवर्ड बदलू लागली. हे सगळे चालायचे, कारण पासवर्ड फक्त विंडोजला ठाऊक होता, डिस्कला त्याचा पत्ता नव्हता. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की फायली समोर. बिटलॉकर आले तरी ते बरीच वर्षे बड्या कंपन्यांच्या यंत्रांपुरते राहिले आणि आपल्या गल्लीत त्याचा त्रास फारसा पोचला नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीने हे चित्र पालटले. डिव्हाइस एन्क्रिप्शनसाठीच्या हार्डवेअरच्या अटी तिने सैल केल्या. त्यामुळे नव्याने विंडोज टाकलेल्या, होम आवृत्तीच्या साध्या लॅपटॉपवरही सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. सेटअपच्या पडद्यांवर वनड्राइव्ह आणि ऑफिसची जाहिरात डोळ्यांत भरते. या ४८ अंकांबद्दल मात्र गिऱ्हाइकाला कळेल असे अवाक्षर नसते. कंपनीचा हा दोष आहे आणि तो आम्ही लपवणार नाही.

पण पत्रे नीट वाचली तर त्याच्याइतकाच मोठा दोष आपल्या काउंटरवर सापडतो. नवा लॅपटॉप विकताना गिऱ्हाइकाला घाई असते, त्याला ईमेल आयडी आठवत नाही, ओटीपी आलेला मोबाइल घरी राहिलेला असतो. मग दुकानातला मुलगा काय करतो? दुकानाच्या आयडीने लॉगिन करतो, किंवा जागेवर एक नवा आयडी बनवतो, त्याला स्वतःचा नंबर देतो आणि चार आकडी पिन घालून यंत्र हाती देतो. गिऱ्हाईक दोन वर्षे पिनवर सुखाने काम करते. त्याने पासवर्ड एकदाही टाइप केलेला नसतो, म्हणून तो विसरला असे म्हणणेही चूक आहे; तो त्याला कधी माहीतच नव्हता. एके दिवशी बायॉस अपडेट होते किंवा मदरबोर्ड बदलला जातो आणि निळा पडदा ४८ अंक मागतो. ते अंक कोणाच्या खात्यात आहेत? दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाने बनवलेल्या, कोणालाही न आठवणाऱ्या आयडीत. सातबारा एकाच्या नावावर आणि जमीन कसणारा दुसरा, तशातली ही गत. शिवाय एकाच दुकानी आयडीवर पाचपन्नास यंत्रे चढवणारे महाभाग आहेत. त्या आयडीचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती तेवढ्या घरांच्या किल्ल्या, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही.

खाते गिऱ्हाइकाच्याच नावावर असले तरी पासवर्ड परत मिळवण्याची वाट सोपी नाही. रीसेटचा कोड जातो नोंदवलेल्या नंबरावर किंवा दुसऱ्या ईमेलवर. आपल्याकडे प्रीपेड नंबर रिचार्जविना बंद पडतात, आणि बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. म्हणजे कोड परक्या माणसाच्या खिशात वाजणार. दुसरा ईमेल बहुतेकांचा याच लॉक झालेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा असतो. मग उरतो रिकव्हरी फॉर्म. तो जुने पासवर्ड विचारतो, आउटलुकचे खाते असेल तर अलीकडे पाठवलेल्या पत्रांचे विषय विचारतो. लॉगिनपुरता आयडी काढून ज्याने त्यावरून एकही पत्र धाडले नाही त्याने काय लिहायचे? टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर तो फॉर्मही उपयोगाचा नाही. सुरक्षेची सगळी माहिती बदलायचा अर्ज केला तर ३० दिवस थांबा. सरकारी कचेरीत निदान साहेबांना भेटता येते. इथे कंपनीचा मदतनीसही किल्ली काढून देऊ शकत नाही, हे तिने स्वतःच स्पष्ट केले आहे. त्यात मार्चअखेर जवळ आली आणि टॅलीचा डेटा त्याच यंत्रात असला की गिऱ्हाईक आपल्यावरच आवाज चढवते.

यावर ‘आम्ही एन्क्रिप्शन बंद करूनच यंत्र देतो’ असे सांगणारे बरेच आहेत. घरच्या डेस्कटॉपवर नातवंडांचे फोटो असतील तर ते चालूनही जाईल. पण सीएचा किंवा डॉक्टरचा लॅपटॉप लोकलमध्ये चोरीला गेला, तर त्याच्या शेकडो अशिलांची वा रुग्णांची माहिती उघडी पडते आणि तेव्हा कुलूप कोणी काढले हा प्रश्न तुमच्यापाशी येतो. निर्णय मालकाचा आहे. तो त्याला विचारून, जॉब शीटवर त्याची सही घेऊन करा. दुसरे म्हणतात, लोकल खाते काढून देतो, कटकट नको. कंपनी ती वाट आवळत चालली आहे, हे सेटअप करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. शिवाय लोकल खात्यावर ड्राइव्ह पुष्कळदा एन्क्रिप्ट झालेला असतोच, फक्त किल्ली कुलपालाच लटकत असते. मॅनेज-बीडीईचे स्टेटस पाहिले की एन्क्रिप्शन १०० टक्के आणि प्रोटेक्शन ऑफ असे दिसते ते हेच. नंतर घरातल्या कोणी त्या खात्याचे मायक्रोसॉफ्ट खात्यात रूपांतर केले की कुलूप लागते आणि किल्ली त्या माणसाच्या आयडीत जाते. साधे लोकल खाते बाहेरून रीसेट केले, तरी ईएफएसने बंद केलेल्या फायली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बहुधा हातचे जातात, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवे.

तिसरा आक्षेप पैशाचा. गिऱ्हाईक या कामाचे वेगळे पैसे देत नाही, म्हणे. मागितलेत का कधी? बिलात अँटीव्हायरसची ओळ असते, बॅगेची असते. किल्ली काढून देण्याची नसते. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि डेटा गेल्यावर होणाऱ्या तासाभराच्या भांडणापेक्षा खचित स्वस्त. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज यंत्रे आडवी झाली, तेव्हा पगारी आयटी विभाग असलेल्या कंपन्यांतही माणसे यंत्रागणिक ४८ अंक हाताने टाइप करत बसली होती. ज्यांची यादी तयार होती ती लवकर सुटली. आपल्या गिऱ्हाइकाचा आयटी विभाग म्हणजे आपणच.

म्हणून संघटनेच्या सभासदांना हे मागणे आहे, आणि ते पुढच्या डिलिव्हरीपासून लागू समजावे. खाते गिऱ्हाइकाचेच, त्याच्याच नंबरावर. तो नंबर सोबत नसेल तर यंत्र दुसऱ्या दिवशी न्या म्हणा. दुसरा ईमेल घरातल्या वेगळ्या माणसाचा टाका. मॅनेज-बीडीईने किल्ली काढून, की आयडीच्या पहिल्या आठ अक्षरांसह दोन प्रती छापा आणि दोन्ही गिऱ्हाइकाला द्या. एक घरच्या कागदपत्रांत, एक यंत्रापासून दूर. स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका. रिपेअरला आलेल्या यंत्राची बायॉस किंवा बोर्ड यांना हात लावण्याआधी किल्ली हातात आहे ना ते पाहा, नसेल तर आधी प्रोटेक्शन सस्पेंड करा. कोणी हाताने लिहिलेली किल्ली आणली आणि ती लागली नाही, तर सहा-सहा अंकांच्या आठही गटांना ११ ने भागून पाहा. प्रत्येक गटाला नि:शेष भाग जायलाच हवा. जिथे जात नाही तिथे लिहिताना चूक झाली आहे, आणि सातचा एक किंवा तीनचा आठ करून पाहिला की पुष्कळदा कुलूप उघडते. यंत्र कोणाचे, याचा पुरावा मात्र त्याआधी मागा. मालकाच्या परवानगीविना उघडलेल्या यंत्राबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ आणि ६६ लागू शकते, आणि ‘मित्राचा लॅपटॉप आहे’ हे तोंडी वाक्य पोलिसांपुढे उपयोगी पडत नाही.

दुकानाच्या आयडीवर आजही ज्यांची यंत्रे आहेत त्यांनी या महिन्यातच त्या आयडीत लॉगिन करून डिव्हाइसची यादी काढावी आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करावा. तो आयडी दोन वर्षे कोणी वापरला नाही तर खातेच बंद होऊ शकते, आणि मग विचारायलाही कोणी उरणार नाही.