आपला भरवसा कोणावर?

आपल्या गावचा मनुष्य कष्टाळू आहे, आणि कष्टाळू मनुष्यास कोणापुढे हात पसरणे रुचत नाही. हा गुणच होय. त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु हाच ताठा घेऊन तो देवापुढे उभा राहिला म्हणजे घोटाळा होतो. विहिरीवर विजेचा पंप बसला की पावसासाठी होणारी प्रार्थना जरा आखूड होते, हे आम्ही पाहिले आहे. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, घरात कर्ज झाले, दारू शिरली किंवा भावाभावांत कोर्टकचेरी लागली, म्हणजे ते कुटुंब मिस्सेला येईनासे होते. विचारावे तर उत्तर मिळते, "फादर, जरा सगळे मार्गी लागू द्या, मग येतो." म्हणजे आधी आपले आपण नीट व्हायचे, आणि मग देवाला तोंड दाखवायचे! वरवर ही नम्रता दिसते. आमच्या मते नम्रतेचा झगा पांघरलेला हा अहंकारच आहे.

या बाबतीत संत फ्रान्सिस झेवियर यांचे चरित्र पाहण्याजोगे आहे. 2024-25 च्या दर्शनसोहळ्यास आपल्यापैकी कित्येक जण जुन्या गोव्यास जाऊन आले असतील; परंतु चांदीच्या पेटीपुढे गुडघे टेकताना हा पुरुष मुळात कसा होता याचा विचार थोडेच करतात. 1506 साली नावारच्या एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. 1525 साली ते पॅरिसला शिकावयास गेले, पुढे तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागले. बुद्धी, कुळ, उमेद, सारे त्यांजपाशी होते आणि त्याची त्यांस जाणीवही होती. इग्नेशियस लोयोलांना त्यांचे मन वळविण्यास बराच काळ लागला, तो उगीच नव्हे. पुढे 1540 साली हिंदुस्थानास जावयाचे ठरले होते ते दुसऱ्याचे. बोबाडिला आजारी पडले, आणि एकदोन दिवसांच्या सूचनेवर झेवियर निघाले.

1549 च्या नोव्हेंबरात जपानमधील कागोशिमा येथून त्यांनी गोव्यातील आपल्या बंधूंस एक दीर्घ पत्र धाडले. वादळे सोसून आलेला हा मनुष्य त्यात म्हणतो की, खरी धास्ती वादळाची नव्हे. देवावरील भरवसा सुटण्याची. स्वतःच्या पुण्याईवर विसंबणारा मोठ्या संकटात टिकत नाही, हेही ते तेथे कळकळीने बजावतात.

तरी झेवियर हातावर हात ठेवून बसले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. देवावर सोडले, असे म्हणून नांगर बांधावर टाकणाऱ्यास त्यांच्यापाशी आधार मिळावयाचा नाही. चीनमध्ये शिरण्यासाठी त्यांनी वकिलातीची योजना आखली. मलाक्काच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ती अडविली. तेव्हा 1552 साली ते चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांचियन बेटावर उतरले. परक्यास प्रवेश बंद असल्याने कोणी धजेना. अखेर मिऱ्याच्या मोबदल्यात कँटनला पोहोचवितो, असे एका चिनी व्यापाऱ्याने कबूल केले. माणसाने करावयाचे ते सारे झाले होते.

नियोजित दिवस आला आणि गेला; व्यापारी आला नाही. लवकरच झेवियरांस तापाने गाठले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांची बहुतेक जहाजे निघून गेलेली, अंगावर थंडी, आणि जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण. 3 डिसेंबर 1552 रोजी, वयाच्या 46 व्या वर्षी, पलीकडच्या किनाऱ्यावर पाऊल न ठेवताच त्यांनी देह ठेवला. येशूचे नाव मात्र ओठांवर होते. ज्याने सारे आयुष्य स्वतःच्या बळावर उभारले असते, त्याच्या हाती त्या पहाटे काय उरले असते?

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इटलीतील माचेराता येथे मात्तेओ रिच्ची हे बालक जन्मले होते. 1583 साली तेच चीनमध्ये स्थायिक झाले आणि 1601 साली पेकिंगला पोहोचले. सांचियनवर तळमळणाऱ्या झेवियरांस त्या पाळण्याची वार्ता नव्हती.

जुन्या गोव्यातील नोव्हेना 24 नोव्हेंबरला सुरू होते. ज्यांस जाणे शक्य नाही, त्यांनी ते नऊ दिवस घरी रोझरी म्हणावी, आणि सणापूर्वी पापनिवेदनास यावे. ज्यांचे कर्ज फिटलेले नाही, दारू सुटलेली नाही, खटला अजून चालूच आहे, त्यांचीच आम्ही अधिक वाट पाहत आहोत.