श्रद्धेला कुबड्या नकोत

रॉन वायट हे नाव आपल्या धर्मग्रामांतील अनेकांना ठाऊक नसेल. त्यांचे ‘शोध’ मात्र पुष्कळांच्या कानी आलेले असतात. नोहाचे तारू तुर्कस्तानात सापडले, समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाके दिसली, कराराचा कोश कालवारीखाली मिळाला! ही वार्ता पूर्वी व्हिडिओ कॅसेटवरून पसरे, आता मोबाइलवरून पसरते. ती पुढे पाठविणारा भाविक मनाने निर्मळ असतो. बायबल खरे ठरले, एवढाच त्याचा आनंद. त्या आनंदाचा आम्हांस हेवा नाही. परंतु त्याचा पाया वाळूचा आहे, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वायट यांचा जन्म १९३३ सालचा. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे परिचारक म्हणून ते काम करीत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ते निष्ठावंत अनुयायी होते. १९६० साली ‘लाइफ’ साप्ताहिकात अरारात पर्वताच्या दक्षिणेकडील, नावेच्या आकाराच्या एका उंचवट्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. ते त्यांच्या मनात रुतून बसले. १९७७ साली ते तेथे पोहोचले, आणि १९९९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ही शोधयात्रा सोडली नाही. त्यांची चिकाटी आम्ही नाकारीत नाही. पुरातत्त्वासारखा रुक्ष विषय त्यांनी सामान्य कुटुंबांच्या दिवाणखान्यात नेला, हेही खरेच.

हौशी असणे हा दोष नव्हे. मृत समुद्राजवळच्या गुहेतील प्राचीन गुंडाळ्या १९४७ च्या सुमारास प्रथम हाती लागल्या त्या बेदुइन मेंढपाळांच्या. मात्र त्या पुढे विद्वानांपुढे आल्या, वाचल्या गेल्या, पारखल्या गेल्या. फादर रोलां द व्हो या डॉमिनिकन धर्मगुरूंनी १९५१ पासून जवळच्या कुमरान येथे उत्खनन केले. वायट यांच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही. ६ जानेवारी १९८२ रोजी जेरुसलेममधील ‘गार्डन टॉम्ब’ परिसरातील भूमिगत पोकळीत आपण कराराचा कोश पाहिला, असे त्यांनी सांगितले. तो कोश जगापुढे कधीच आला नाही. त्या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने या दाव्याला आधार नसल्याचे स्पष्ट केले. वायट यांनी इस्राएलमध्ये परवानाधारक उत्खनन कधी केलेच नाही, असे तेथील पुराणवस्तू खात्यातील जो झायस यांनी सांगितले. तारवाच्या बाबतीत तर त्यांचे एकेकाळचे सहकारी डेव्हिड फासोल्ड यांनीच भूशास्त्रज्ञ लॉरेन्स कॉलिन्स यांच्यासह १९९६ साली शोधनिबंध लिहून तो उंचवटा नैसर्गिक रचना असल्याचे मान्य केले. वायट यांचे दावे खोडणारे पुस्तक १९९९ साली लिहिले, तेही त्यांच्याच पंथातील रसेल आणि कॉलिन स्टँडिश या बंधूंनी.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. क्रुसावरून ठिबकलेले ख्रिस्ताचे रक्त खडकाच्या भेगेतून कोशावर पडले, आपण ते तपासून घेतले आणि त्यात केवळ २४ गुणसूत्रे आढळली, असे वायट सांगत. तपासणीचा अहवाल कधी प्रसिद्ध झाला नाही. पण क्षणभर तो आहे असे मानले, तरी काय सिद्ध होते? मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. प्रभू येशू खरा देव आणि खरा मनुष्य आहे, पाप वगळता सर्व बाबतींत आपल्यासारखा आहे, असे ख्रिस्तसभेने ४५१ साली काल्सेदोनच्या परिषदेत उद्घोषित केले. २४ गुणसूत्रांचा ख्रिस्त आपल्यासारखा मनुष्य कसा उरेल? देहधारणेचे रहस्य सिद्ध करण्याच्या भरात येथे देहधारणाच पुसली जाते. मारियेच्या उदरी जन्मलेल्या आपल्या बंधूला आपण एका नवलाईच्या बदल्यात गमावून बसतो.

“लोकांची श्रद्धा वाढते ना, मग बिघडले कुठे?” असे काही जण विचारतील. आमचे उत्तर असे की, ती श्रद्धा देवावरची नसून चाकावरची असते. ज्या तरुणाला आपण समुद्रतळाचे चाक दाखवून निर्गमाचा ग्रंथ खरा असल्याचे पटविले, तो चाक खोटे ठरताच ग्रंथही मिटून ठेवील. त्याचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

ख्रिस्तसभेचा मार्ग निराळा आहे. तुरिनच्या पवित्र वस्त्राचे तुकडे तिने स्वतः तीन प्रयोगशाळांना दिले. १९८८ साली ते वस्त्र १२६० ते १३९० या काळातील असल्याचा निष्कर्ष निघाला, तेव्हा तो तिच्याच कार्डिनलांनी जाहीर केला. वाद अजून चालू आहे. भाविक अजूनही त्यापुढे गुडघे टेकतात. परंतु ते वस्त्र खरे मानलेच पाहिजे, असे बंधन तिने कोणावर घातलेले नाही. बायबलमधील लेखनप्रकार ओळखून अर्थ लावा, असे पोप बारावे पायस यांनी १९४३ साली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकविले.

प्रामाणिक उत्खननाने आपल्याला पुष्कळ दिले आहे. १९६१ साली कैसरिया येथे पिलाताचे नाव कोरलेला दगड मिळाला. २००४ साली जेरुसलेममध्ये सांडपाण्याच्या नळाचे काम चालू असता सिलोआमच्या तळ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या. जन्मांध मनुष्याला प्रभूने जेथे धुवायला पाठविले, ते हे तळे. त्याच शास्त्राने यरीहोच्या तटबंदीबाबत अवघड प्रश्नही उभे केले आहेत. दोन्ही स्वीकारण्याचे धैर्य आपल्या अंगी हवे.

धनवान आणि लाजरस यांच्या दाखल्यात धनवानाने आपल्या भावांसाठी एक चमत्कार मागितला. मोशे आणि संदेष्टे यांचे जे ऐकत नाहीत, त्यांना मेलेला उठून आला तरी पटणार नाही, असे उत्तर त्याला मिळाले. म्हणून अशी वार्ता हाती येईल तेव्हा ती पुढे पाठविण्यापूर्वी आपण तीन प्रश्न विचारावेत: वस्तू कोठे आहे, ती कोणी पाहिली, कोणी तपासली? उत्तर नसेल तर मोबाइल बाजूला ठेवावा आणि घरातल्या बायबलवरची धूळ झटकावी.